बटणाखालचा काळा गोल

"कोणी आणली ही धूळ परत? आत्ताच्या आत्ता सांगा!"

आत्याने टेबलावरून बोट फिरवलं आणि ते तिघांच्या नाकासमोर धरलं. बोट करडं झालं होतं. आणि हे टेबल अर्ध्या तासापूर्वी कप्तानने स्वतः पुसलं होतं, तेही तीन वेळा!

"आम्ही नाही आणली," कप्तान म्हणाली.

"मग काय ती चालत आली?"

"धूळ चालत नाही, आत्या. उडते," भिंग चष्मा वर सरकवत म्हणाला.

"बघितलंस? तोंड कसं चालतं ते! अंगणात हुंदडता, पायाला माती लावून वर येता आणि आम्ही इथे कंबर मोडून घेतोय. जा, जिन्यात जाऊन बसा. तिघंही!"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. सकाळपासून एकानेही अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. पण मोठ्यांना एकदा वाटलं की वाटलं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, भिंत निदान उलट उत्तर देत नाही.

तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात येऊन बसली. कप्तान तेरा वर्षांची, सगळ्यांवर हुकूम सोडायची म्हणून कप्तान. भिंग तिचा धाकटा भाऊ, अकरा वर्षांचा. त्याच्या चष्म्याच्या काचा जाडजूड, आणि कुठलीही गोष्ट नाकाला टेकवून पाहिल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. तिसरी चटपट, समोरच्याच दारात राहणारी. तिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायला तिच्या आईलाही जमत नसे.

"माझ्या आईने तुम्हाला व्हॅक्यूम क्लीनर दिला, मी तुमच्याकडे मदतीला आले, आणि मलाच जिन्यात बसवलं! वा रे वा!" चटपट फणफणली.

 कप्तानच्या डोळ्यांसमोर मात्र पिटुकली होती.

पिटुकली म्हणजे कप्तान आणि भिंगची सहा वर्षांची बहीण. धूळ नाकात गेली की तिला दम लागायचा, छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. यंदा तो इतका वाढला की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आज अकरावा दिवस. डॉक्टरीणबाईंनी काल स्पष्ट सांगितलं होतं, "घर खरोखर धूळमुक्त असेल तरच मुलीला घरी न्या. नाहीतर तिला दुसरीकडे ठेवा." दुसरीकडे म्हणजे मावशीकडे, सहा तासांच्या अंतरावर, अख्खी सुट्टी! चार वाजता आई दवाखान्यातून फोन करणार होती. घर तयार असेल तर पिटुकली इथे, नसेल तर तशीच मावशीकडे.

दवाखान्यात नेताना पिटुकलीने कप्तानच्या फ्रॉकचं टोक घट्ट धरून विचारलं होतं, "मला परत घरी आणशील ना?" आणि कप्तानने "हो" म्हटलं होतं.

"साडेअकरा वाजले," कप्तान उठून उभी राहिली. "ही धूळ येते कुठून ते आपणच शोधायचं. यांच्या भरवशावर राहिलो तर झालंच!"

आता हे 'यांचं' काय चाललं होतं तेही ऐका. बाबा बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखायचे. त्यामुळे घराच्या साफसफाईचंही वेळापत्रक! फ्रिजवर भला मोठा कागद चिकटवलेला. चार खोल्या, प्रत्येक माणूस वेगळ्या खोलीत, सगळे एकदम सुरू, सगळे एकदम बंद. 'वेळेची बचत होते,' असं बाबांचं म्हणणं. आत्या ग्रंथालयात काम करायची, म्हणून पुस्तकं तिच्याकडे. ती एकेक पुस्तक उचलून दुसऱ्यावर फटाफट आपटत होती. काकांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर त्यांच्याकडे. आणि मुलांच्या रकान्यात एकच ओळ होती: 'मध्येमध्ये करू नये.'

"मला वाटतं रस्ता खणलाय ना समोर, तिथून येते," चटपट म्हणाली. "आमच्याही खिडकीत येते."

"वाटून उपयोग नाही, दिसलं पाहिजे," भिंग म्हणाला. त्याने सुट्टीतल्या प्रकल्पासाठी आणलेल्या काळ्या कागदाचे चार तुकडे केले आणि आत्याच्या शिवणाच्या डब्यातून चार मोठी बटणं पळवली. "प्रत्येक खोलीत एक कागद ठेवायचा, त्यावर बटण. थोड्या वेळाने बटण उचलायचं. बटणाखाली कागद काळाच राहील. बाकीचा जितका करडा, तितकी त्या खोलीत धूळ!"

"भिंगा, तुझं डोकं कधीकधी चालतं रे!" चटपट म्हणाली.

"नेहमीच चालतं. तुझ्या बडबडीत ऐकू येत नाही एवढंच."

आई घरी असती तर नजर चुकवणं कठीण होतं, पण मोठे तिघंच होते आणि तिघंही आपापल्या तोऱ्यात. बाबा स्वयंपाकघरात डबे घासत होते. आत्या मोठ्या खोलीत पुस्तकं बडवत होती. काका हॉलमध्ये होते, पाठोपाठ पिटुकलीच्या छोट्या खोलीत जाणार होते. कप्तान पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि चारही खोल्यांत उंच फळ्यांवर कागद ठेवून आली.

पाऊण तासाने चारही कागद जिन्यात हजर!

"स्वयंपाकघर," भिंगने पहिल्या कागदावरचं बटण उचललं. कागद जवळजवळ काळाच, गोल धड दिसतही नव्हता. "आणि रस्त्याकडची खिडकी तिथेच आहे. सताड उघडी."

"म्हणजे रस्ता सुटला," चटपट खट्टू झाली.

मोठ्या खोलीच्या कागदावर भुरकट कण होते. भिंगने नाक टेकवलं. "ही आत्याची धूळ. यात कागदाचे बारीक तुकडे आहेत."

"आणि वर आपल्यालाच बोट दाखवते!"

हॉलच्या कागदावर बटणाचा गोल स्पष्ट होता. पण छोट्या खोलीचा कागद पाहून तिघंही पुढे वाकली. बटण उचललं तर खाली काळाकुळकुळीत गोल आणि भोवती पिठासारखी मऊ, बारीक धूळ. पिटुकलीच्या खोलीत! जिथे खिडकी बंद होती आणि जिथे पाऊण तासात एकच माणूस गेला होता.

"काका," कप्तान हळूच म्हणाली.

"पण काका तर धूळ ओढतायत!" चटपट म्हणाली. "आमच्या घरी आई ओढते तेव्हा असं नाही होत. आत ती पिशवी असते ना, उशीच्या अभ्र्यासारखी, धूळ तिच्यात अडकते. दर महिन्याला मीच ती झटकते आणि... अगं बाई! काका पिशवी लावतात ना?"

तिघं धावत आत गेली. काकांची हत्यारांची पेटी दाराशीच होती. आणि तिच्या शेजारी, जाड करड्या कापडाची, तोंडाला प्लास्टिकची चकती असलेली पिशवी! काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिंगने ती उचलली तर आतून खळ्ळ आवाज आला. पिशवीत स्क्रू होते. आणि एक पक्कड.

"काका!" कप्तान ओरडली. "तुम्ही ही काढलीत?"

काकांनी मशीन बंद केलं. त्यांच्या मिशीवर, भुवयांवर, केसांवर करडा थर बसला होता. "काढणारच! अगं, ती पिशवी म्हणजे नुसता अडथळा. हवा कोंडते. काढल्यापासून बघ कसं खेचतंय! बनवणाऱ्यांना एवढं कळत नाही."

"पण काका, पुढून खेचलेली धूळ मागून बाहेर येतेय!"

"वीस वर्षं मशिनं उघडतोय मी! आता तू मला शिकव!"

"बाबा, तुम्ही तरी ऐका..."

"वादाला वेळ नाही," बाबा स्वयंपाकघरातून घड्याळाकडे बघत म्हणाले. "एक ते दीड जेवण. पुढे लादी. आपण वेळेच्या चार मिनिटं पुढे आहोत!"

चार मिनिटं पुढे! घर धुळीने भरत चाललंय आणि हे चार मिनिटं पुढे! कप्तानला रडूच फुटणार होतं, पण रडायला तरी वेळ कुठे होता?

"असं सांगून नाही ऐकणार," चटपट कुजबुजली. "यांना काही तरी डोळ्यांनी दिसायला हवं."

हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर बाबांचा डेपोचा पांढराशुभ्र शर्ट वाळत होता, अजून ओलसर. पिटुकलीच्या स्वागताला बाबा तोच घालणार होते. कप्तानने एकदा शर्टाकडे पाहिलं, मग भिंगकडे. भिंगचे डोळे चष्म्यामागे आणखी मोठे झाले.

"नको हं," तो म्हणाला. "बाबा ओरडतील."

"ओरडू देत की!"

चटपट लगेच काकांपुढे जाऊन उभी राहिली. "काका, खरंच एवढं खेचतं? आमच्याकडे तर एवढं नव्हतं कधी. दाखवा ना! हा गालिचा ओढून दाखवा!"

स्तुती म्हटलं की काका विरघळलेच. "बघच आता!" मशीन घरघरू लागलं. काका गालिच्यावर नळी फिरवत होते आणि इकडे कप्तानने खुर्ची गुपचूप सरकवत मशीनच्या मागच्या जाळीसमोर आणून ठेवली. दोन मिनिटं. तीन मिनिटं.

"बाबा!" कप्तानने हाक मारली. "शर्ट वाळला का बघता?"

बाबा हात पुसत आले. त्यांनी शर्ट उचलला. शर्टाच्या पाठीवर मधोमध ताटाएवढा करडा गोल उमटला होता.

"हे काय?" बाबा कडाडले. "हे कोणी केलं?"

"काकांनी," तिघं एकदम म्हणाली.

"मी? मी तर गालिचा..." काकांनी मागे वळून पाहिलं. मशीन अजून चालूच होतं, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात जाळीतून निघणारी धूळ स्पष्ट दिसत होती. काकांनी घाईघाईने बटण दाबलं. आवाज थांबला तशी आत्याही मोठ्या खोलीतून बाहेर आली.

कप्तानने चारही काळे कागद जमिनीवर मांडले. भिंगने कुठला कागद कुठल्या खोलीचा ते सांगितलं. शेवटी चटपटने पिशवी उलटी केली, आणि स्क्रू खळखळत लादीवर पडले.

"आणि आत्या, हा तुझा," भिंगने भुरकट कागद पुढे केला. आत्याने सकाळचं ते बोट मुकाट्याने पदराआड घेतलं.

"सकाळपासून आपण धूळ काढत नव्हतो," कप्तान म्हणाली.  "नुसती या खोलीतून त्या खोलीत पाठवत होतो. आणि पिटुकली आली असती ना, तर..." 

बाबांनी शर्टाकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या कागदाकडे. त्यांनी जाऊन वेळापत्रक ओढून काढलं, उलटं केलं आणि पेन्सिलीसकट कप्तानच्या हातात दिलं. "मागची बाजू कोरी आहे," ते म्हणाले. "तू लिही."

कप्तानने लिहिलं नाही काही. सरळ हुकूमच सोडले. "आधी सगळ्यांनी जेवायचं!"

"जेवायचं? आत्ता?" आत्या किंचाळली. "दीड वाजलाय!"

"उडालेली धूळ खाली बसायला वेळ लागतो," भिंग म्हणाला. "पंखे बंद, खिडक्या बंद, कोणी हलायचं नाही. ती बसली की मग तिला पकडायचं!"

सगळे गपचूप जेवले. काका तर इतके गपचूप की घरात कोणी आजारी आहे असं वाटावं.

दोनला खरं काम सुरू झालं. वेगवेगळ्या खोल्या नाहीत, सगळे मिळून एकाच खोलीत. सर्वांत आत पिटुकलीची खोली, म्हणून ती पहिली. तिथून दाराकडे येत जायचं. आत्याची पुस्तकं आपटायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसून एका चादरीत बांधायची. पडदे काढून थेट पाण्यात. बाबा शिडीवर चढले, तर चटपट खालून ओरडली, "थांबा, पंखा तसा पुसू नका! सगळं आमच्या डोक्यावर पडेल!" तिने जुना अभ्रा वर फेकला. "पात्यावर चढवा आणि ओढून घ्या." बाबांनी ओढला. कित्येक महिन्यांची धूळ अभ्र्यातच राहिली, खाली कणही नाही!

"हे कुठे शिकलीस?" बाबांनी विचारलं.

"माझी आई रोज कोणाला ना कोणाला सांगत असते. ऐकत कोणी नाही."

काकांनी पिशवी झटकायला जिन्यात नेली, घट्ट बसवली आणि मान खाली घालून गाद्या, फटी, पलंगाखालचे कोपरे ओढायला लागले. आता मशीनच्या मागून नुसती गरम हवा येत होती. दोन बादल्या ठेवल्या होत्या, एकीत फडकं पिळायचं, दुसरीत स्वच्छ पाणी. आत्याने दोनदा चुकून घाण फडकं स्वच्छ बादलीत बुडवलं आणि दोन्ही वेळा भिंगने तिला पाणी बदलून आणायला लावलं. काय मजा आली असेल त्याला! कपाटांचे माथे, मग फळ्या, मग खुर्च्या, सर्वांत शेवटी लादी. खोली झाली की दार बंद आणि फटीला ओला टॉवेल. मग पुढची.

पावणेचारला हॉलची लादी पुसून झाली. सगळे घामाघूम. कप्तानने साडेतीनलाच छोट्या खोलीत नवा काळा कागद ठेवला होता. मध्ये एकदा काका 'बघून येतो' म्हणत आत गेले होते, पलंग सरळ करून आले होते.

बरोबर चारला फोन वाजला.

बाबांनी उचलला. "हो, हो! चकाचक झालंय! आण तिला..."

"थांबा!" कप्तान खोलीतून धावत आली. तिच्या हातात कागद होता. बटणाखाली गोल होता. फिकट, पण होता.

"अगं, एवढंसं तर आहे!" आत्या म्हणाली.

"एवढंसं तुला चालेल, आत्या. तिला नाही!" कप्तानने फोन घेतला. "आई, अजून नाही झालं. अर्ध्या तासाने मी फोन करते. तिला मावशीकडे पाठवू नकोस. अर्धाच तास!"

 पलीकडून आई म्हणाली, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. थांबते मी."

पण आता धूळ येते कुठून? पडदे नाहीत, पुस्तकं नाहीत, पंखा स्वच्छ, दार बंद.  काका हताश होऊन भिंतीला टेकले, आणि त्यांच्या खांद्यावरून भुर्रकन धूळ उडाली.

चटपटने सावकाश बोट वर केलं. "काका... तुम्हीच!"

सकाळचे चार तास काका त्या धुळीत न्हाले होते. केस, मिशी, शर्ट, पँट, सगळं भरलेलं. जिथे जातील तिथे थोडी थोडी सांडत होते. काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एरवी त्यांनी वाद घातला असता. आज मात्र ते बाहेर पडले आणि जिना उतरून थेट अंगणातल्या नळाखाली जाऊन बसले.

खोली पुन्हा पुसली. नवा कागद, नवं बटण. चार वाजून पंचवीस मिनिटांनी भिंगने बटण उचललं, कागद नाकाला लावला, उलटसुलट केला, उजेडात धरला.

"बटण कुठे होतं तेच कळत नाही," तो म्हणाला.

कप्तानने फोन फिरवला. "आई, आण तिला."

साडेपाचला गाडी फाटकाशी थांबली. पिटुकली उतरली, आधीपेक्षा बारीक, हातात दम्याच्या पंपाची छोटी पिशवी. जिना दिसताच तिने नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. "काका, उचल!"

काका नळाशेजारी उभे होते. अंघोळ झालेली, अंगात बाबांचे कपडे, पँट पोटरीपर्यंतच! पण ते पुढे झाले नाहीत. "कप्तान," ते म्हणाले, "परवानगी आहे का? म्हटलं घर झाडलं, पण मी झाडायचा राहिलो नसेन ना?"

कप्तानने काळा कागद त्यांच्या डोक्याखाली धरला. "डोकं हलवा."

काकांनी गदागदा डोकं हलवलं. कागदावर पाण्याचे दोन थेंब पडले. बाकी काही नाही.

"आहे परवानगी!"

काकांनी पिटुकलीला खांद्यावर घेतलं आणि एका दमात तीन मजले चढले. मागून आई, आणि आईला सगळी हकिगत सांगत बाबा. घरात शिरल्यावर आईने कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि कप्तानला जवळ ओढून घेतलं.

"यातलं माझं काही नाही," बाबा म्हणाले. "मी फक्त शिडीवर होतो. डेपोतसुद्धा आता या तिघांना विचारूनच गाड्या सोडीन म्हणतो."

"आणि मी यांना जिन्यात बसवलं होतं," आत्या पुटपुटली. "पुढच्या वेळी मलाच बसवा."

इतक्यात कप्तान दचकली. सगळेच दचकले. शिट्टी! बारीक, ओढल्यासारखी, तीच छातीतली शिट्टी.  कप्तान पिटुकलीकडे धावली.

पिटुकली पलंगावर मजेत पाय हलवत बसली होती. ती काकांकडे बघत होती. तीन मजले चढून भिंतीला धरून उभ्या असलेल्या काकांच्या नाकातून, घशातून, कुठून कुठून शिट्ट्या निघत होत्या.

पिटुकलीने आपली पिशवी उघडली.

"काका," तिने काळजीने विचारलं, "माझा पंप देऊ का?"